चिमाजी गप्प राहिला तेव्हा

अशी कल्पना करा, की तुम्हाला तमाशा बघायचाय, पण फक्त कानांनी. यात्रेचा दुसरा दिवस आहे. ओसरीवर पाहुणे जमलेत, तुम्ही चुलीपुढं बसून भाकरी थापताय आणि देवळापुढच्या पटांगणात हजेरी चालू आहे. हजेरी म्हणजे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी भर उजेडात होणारा तमाशाचा छोटा खेळ. लिंबाच्या झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून राजा आणि त्याचा शिपाई बोलतात ते तुमच्या चुलीपर्यंत स्वच्छ ऐकू येतं. राजा विचारतो, दरवाजा लावला का? शिपाई म्हणतो, लावला महाराज. राजा विचारतो, कडी घातली का? आणि कर्णा गप्प होतो. लाइट गेलेली नाही, माइकची बारीक खरखर ऐकू येतेय. तव्यावरची भाकरी फुगते, तुम्ही ती काढता, दुसरी टाकता. कर्णा अजून गप्पच. मग अख्खं गाव एकदम हसतं.

आता सांगा, मध्ये काय झालं?

आमच्या निमगाव सावामधल्या तानूबाई हे कोडं लग्न होऊन आल्यापासून सोडवत आहेत. त्यांचं घर आमच्या घराला लागून. मी त्यांना काकी म्हणतो. चार माणसांत फार न बोलणारी, पण एकदा बोलली तर ओसरीवरच्या पुरुषांना मान खाली घालून हसायला लावणारी बाई. त्यांचे यजमान सयाजीकाका यात्रा कमिटीत होते. दर पाडव्याला कमिटीची माणसं जीपमधून नारायणगावला जात. तिथं तमाशा मंडळांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक येऊन यात्रेचा खेळ ठरवतात. कमिटीतले बाकीचे लोक नाचणाऱ्या किती, गाडी किती मोठी, हे बघत. सयाजीकाका एवढंच विचारत, की चिमाजी आहे ना?

चिमाजी म्हणजे सोंगाड्या, तमाशात हसवणारा गडी. शिपाई तोच व्हायचा. यात्रा झाली की पुढचे पंधरा दिवस सयाजीकाका घरात चिमाजी व्हायचे. दाराच्या चौकटीला टेकून राजाचंही बोलायचे आणि शिपायाचंही. तानूबाई धुणं बाजूला ठेवून ऐकायच्या. आणि नेमक्या त्या जागेवर आले की काका हात झटकायचे. "आन मग त्यो... ते सांगता येत न्हाई बघ. ते बघायलाच पायजे."

"मग दावा की करून."

काका गप्प उभे राहून दाखवायचे. तानूबाई थोडा वेळ बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्याला कोण हसंल? रानात मोटर जळल्यावर तुमी असंच उभं ऱ्हाता."

बघायला जाण्याचा प्रश्न नव्हता. त्यांच्या सासूबाई, प्रयागबाई, एकदाच म्हणाल्या होत्या, की आपल्या घरातल्या बाया तंबूकडं जात नाहीत. त्यात रागही नव्हता. विहिरीला कठडा असतो तसं ते होतं, एवढंच. प्रयागबाईंना स्वतःला कर्ण्यावरची प्रत्येक गवळण पाठ होती आणि दळण निवडताना त्या ती गुणगुणायच्या, हेही तितकंच खरं.

प्रयागबाई वारल्या त्यानंतरच्या यात्रेत काकाच म्हणाले, की शाळेच्या गच्चीवर मास्तरांची मंडळी आणि चार बाया बसतात, तूही जा, तिथून हजेरी दिसते. शाळेवर तेव्हा नुकताच स्लॅब टाकला होता. तानूबाईंनी पहाटेच स्वयंपाक उरकला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि गेल्या. गच्चीवरून खरंच सगळं दिसत होतं, फक्त स्टेज शाळेकडं पाठ करून बांधलं होतं. त्यांना दिसला तो मागचा पडदा, पडद्याआड विडी ओढणारा ढोलकीवाला आणि समोर बसलेलं सगळं गाव. चिमाजी पडद्याच्या पलीकडं. राजानं कडीचं विचारलं आणि कर्णा गप्प झाला तेव्हा त्यांनी माणसं बघितली. गावचे तालेवार, भांडणारे, एकमेकांच्या बांधावरून कोर्टात गेलेले, सगळ्यांच्या माना वर, तोंडं अर्धी उघडी. धर्माजी म्हणून एक अत्यंत चिडका गृहस्थ होता. तोसुद्धा. "समद्यांची तोंडं बारक्या पोरांवानी झाली व्हती," असं त्यांनी मला सांगितलंय. मग सगळे हसले.

मला वाटतं, ते कोडं त्यांना खरं लागलं ते त्या दिवशी. तोवर ऐकलं होतं. आता परिणाम दिसला होता आणि कारण पडद्याआड राहिलं होतं.

पुढच्या वर्षी स्टेज फिरवून बांधायला सांगतो, असं काका म्हणाले. पण पुढच्या वर्षी कमिटी बदलली. नव्या पोरांना ऑर्केस्ट्रा हवा होता. गावात केबल आली, हजेरी बंद झाली. चिमाजीनं फड सोडून वारूळवाडीत घर केलं असं कळलं.

आणि मग २००४ साली बातमी आली, की चिमाजीला बक्षीस मिळणार. एक मराठी वाहिनी रंगभूमीच्या लोकांना दरवर्षी बक्षिसं देते, मोठा थाटाचा कार्यक्रम करते आणि रविवारी संध्याकाळी दाखवते. त्यात या वेळी तमाशातल्या कलावंताला मान होता. डिप्लोमा संपवून मी तेव्हा गावच्या केबलवाल्याकडं लागलो होतो. जाहिरात पहिल्यांदा मीच बघितली आणि काकांकडं पळत गेलो. काका आत जाऊन काकींना म्हणाले, "रविवारी बघशील. म्होरनं."

एकच अडचण होती, त्यांच्या टीव्हीचा आवाज जायचा. चित्र चालू राहायचं आणि आवाज मध्येच बंद. डब्याच्या उजव्या अंगाला तळहातानं एक विशिष्ट चापट मारली की परत यायचा, आणि ती चापट फक्त काकांना जमायची. आतला एक टाका सैल झाला होता. डबा उघडून तो पुन्हा जोडायचा, म्हणजे फार तर अर्ध्या दुपारचं काम. मी तसं म्हणालोही. पण काकांना भीती अशी, की एकदा डबा उघडला की रविवारपर्यंत तो मिटेल याची खात्री काय? पंपाच्या मेकॅनिकनं त्यांची मोटर एकदा अशीच आठवडाभर उघडी ठेवली होती. ते म्हणाले, "राव, एवढा रविवार जाऊ दे. मग खुशाल खोल. मी बसतो ना डब्याशेजारी."

रविवारी त्यांच्या घरात वाडीतल्या पंधरावीस बाया जमल्या. निर्मलावहिनी, म्हणजे त्यांची सून, हिनं चहाचं पातेलं चढवलं होतं. तानूबाई अगदी पुढं, आणि टीव्हीच्या उजव्या अंगाला पाट टाकून, हात तयार ठेवून, सयाजीकाका. मी केबलच्या खोलीत होतो, त्यामुळं पुढचं मला निर्मलावहिनीकडून कळलं.

कार्यक्रम लांबला. नाटकातले लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. बायांमध्ये, ती साडी केवढ्याची असेल यावर चर्चा झाली. चिमाजीचं नाव पुकारलं तेव्हा खोलीत कुणीतरी शिट्टी मारली. पांढरं धोतर, फेटा, हातात ट्रॉफी. तानूबाईंनी पहिल्यांदा त्याचा चेहरा बघितला. म्हणाल्या, "मला वाटलं व्हतं उंच आसंल."

चिमाजी माइकपुढं आला. निवेदिकेनं विचारलं, की बाबा, आज काय वाटतंय? चिमाजीनं तिच्याकडं बघितलं, मग समोर, तोंड उघडलं, आणि आवाज गेला.

काका उठले. आठवडाभर ज्यासाठी सराव केला होता ते काम आलं होतं. ते टीव्हीपुढं उभे राहिले, उजवीकडून चापट मारली. आवाज नाही. दुसरी मारली. चित्र थरथरलं. मागून बाया म्हणाल्या, बाजूला व्हा, पण काका कान डब्याला लावून तिसरी चापट मारत होते. तेवढ्यात डब्यातून हसू आलं. सगळं सभागृह हसत होतं, टाळ्या वाजत होत्या. काका हळूच बाजूला झाले तेव्हा चिमाजी पाठमोरा पायऱ्या उतरत होता.

आवाज गेलाच नव्हता.

निर्मलावहिनी सांगते, की काका तसेच हात वर धरून उभे होते. बक्षिसाच्या माइकपुढं चिमाजी भाषण करील असंच त्यांनी धरलं होतं. ती जागा गावात एकट्या त्यांनाच पुरती पाठ होती, आणि तीच त्यांना ओळखू आली नाही. बाया गेल्यावर तानूबाई उरलेला चहा गाळताना एवढंच म्हणाल्या, "तुमची पाठ मी लई बघितलीय."

इकडं केबलच्या खोलीतला फोन वाजायचा थांबेना. धर्माजी ओरडत होता, की महिन्याचे पैसे घेता आणि ऐन चिमाजीच्या वेळी आवाज घालवता? पेठेतून फोन, मळ्यातून फोन. मी सगळ्यांना सांगितलं, की बिघाड आमच्याकडं नाही, वरून वाहिनीकडूनच आवाज येत नव्हता. घराघरांत कुणी ना कुणी उठलं होतं. कुणी बटण फिरवलं, कुणी वायर हलवली, कुणी दारात येऊन शेजारी आवाज आहे का विचारलं. आमच्याकडं आवाज नाही म्हणजे बिघाड, एवढंच टीव्हीनं आम्हाला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये त्यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, म्हातारा शहरातल्या माणसांपुढं गांगरला, शब्द विसरला, गावाची शोभा झाली, आणि लोक त्याच्यावर हसले. दुसरा तट म्हणाला, अरे, त्यानं जागा केली, शिपायाची जागा. वाद हातघाईवर आला, पण ज्यानं ती पूर्ण बघितली असा माणूस दोन्ही तटांत नव्हता. सयाजीकाका दाढी अर्धी ठेवून उठून आले म्हणतात.

वाहिनीनं तो कार्यक्रम पुन्हा दाखवला, बुधवारी दुपारी. तोवर मी टीव्हीचा टाका जोडून दिला होता. बुधवारी दुपारी आमच्याकडं भारनियमन असतं.

मग काकांनी ते केलं, जे त्यांना वाटत होतं की आधीच करायला हवं होतं. ते तानूबाईंना घेऊन वारूळवाडीला गेले. मोटरसायकल माझी होती, म्हणून काकांना एसटीनं पुढं पाठवून काकींना मी नेलं. चिमाजीचं घर दोन खोल्यांचं, दारात शेवग्याचं झाड. ट्रॉफी टीव्हीवर ठेवलेली, तिच्यावर रुमाल. काकांनी ओळख सांगितली, कुठल्या सालच्या यात्रा, कुठली राहुटी. खेळ ठरवताना दिलेल्या नारळाची चिमाजीला आठवण होती, माणसाची नव्हती, पण त्यानं तसं दाखवलं नाही. काका अवघडून म्हणाले, की मंडळींनी कधी बघितलं नाही. ते कडीचं एकदा करून दाखवाल का?

चिमाजी जमिनीकडं बघत हसला. "वहिनी, त्याला म्होरं गर्दी लागती. हितं घरात गप बसलो तर निसता म्हातारा दिसन."

तानूबाई म्हणाल्या, "मग तोंडी सांगा. काय करायचा तुमी?"

"ते मला कुठं ठावं? मला कधी दिसलंय व्हय ते?" तो म्हणाला. "म्होरं बसणाऱ्यांना इचारा."

तानूबाईंनी मग त्याला शाळेच्या गच्चीचं सांगितलं. त्याच्या पाठीमागून त्यांना माणसं दिसली होती, धर्माजीसुद्धा. चिमाजी एकदम सरळ बसला. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, कोण कोण, कसे दिसत होते. म्हणाला, की दिव्यांमुळं रात्री त्याला माणसं दिसायची नाहीत आणि दिवसा उन्हामुळं डोळे मिटायचे. बराच वेळ ती दोघंच बोलत होती आणि सयाजीकाका चहाचा कप हातात धरून ऐकत होते.

निघताना चिमाजी म्हणाला, की बरा हाय तोवर एखादी हजेरी लावा गावात, मी येतो, वहिनींना म्होरं बसवा. काका हो म्हणाले. त्यांनी नव्या कमिटीपुढं विषय काढला. कमिटीतली पोरं म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षाच्या आधी, सुगीच्या दिवसांत, चिमाजी गेला.

याला आता चार वर्षं झाली. सयाजीकाका टीव्ही बघतात, पण पार मागं, भिंतीला टेकून. आवाज गेला तर उठत नाहीत. नातीला, समृद्धीला, बघायला सांगतात. चिमाजीची नक्कलही त्यांनी त्यानंतर केलेली नाही.

तानूबाई मात्र विचारतात. गावातला, पंचक्रोशीतला कुणी वयस्क माणूस पाहुणा म्हणून आला आणि तमाशाचा विषय निघाला, की आतून बाहेर येतात. एकानं सांगितलं, की चिमाजी कमरेला किल्ली चाचपायचा. दुसरा म्हणाला, नाही, तो वर आढ्याकडं बघायचा. पारगावचे एक गृहस्थ शपथेवर म्हणाले, की तो काहीच करायचा नाही, मुळीच काही नाही. तानूबाई सगळ्यांचं ऐकून घेतात. भाकरीचं पीठ हाताला तसंच असतं.

परवा मी हे लिहायला घेतलं म्हणून सांगायला गेलो, तर मलाच म्हणाल्या, "तू बारका असताना काकाच्या खांद्यावर बसून बघितलंय की रं. आठव जरा. राजानं कडीचं इचारल्यावर त्यो करत काय व्हता?"