सपत्नीक सत्कार

पत्रिका घेऊन आलेली पोरगी दारातच रडवेली झाली होती. पुण्याहून आलेली, केस बारीक कापलेले, पाठीवर पिशवी. तिच्या संस्थेने आमच्या घरच्यांना पुरस्कार जाहीर केला होता. पुरुष असून पुरुषावर जीव लावला, किंवा बाई असून बाईवर, आणि जन्मभर तेच लिहिलं, अशा लेखकांना उतारवयात हा जीवनगौरव देतात. यंदा तो अमरावतीलाच द्यायचं ठरलं होतं. मजकूर पुण्याहून आला, पत्रिका मात्र इथल्या छापखान्यात छापली. छापखानेवाला वर्षानुवर्षं सत्काराच्या पत्रिका छापतो. त्याने सवयीने एक शब्द आपल्या मनाने घातला.

“काकू, चुकून ‘सपत्नीक सत्कार’ असं छापलं गेलं,” ती म्हणाली. “वाटूनही झाल्या. आम्हाला इतकी लाज वाटतेय.”

मी चौथीपर्यंत शिकले. जोडाक्षर आलं की थांबावं लागतं. बोट ठेवून मी तो शब्द वाचला.

“बरोबर तं आहे,” मी म्हटलं. “मी बायकोच होय न त्यायची.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझी कीव आली होती. आपली कीव करणाऱ्याला चहा करून द्यायचा म्हणजे हात जड होतात. तरी केला.

आमचे घरचे शाळेत मास्तर होते. फुलांचं दुकान माझं, माहेरची माणसं फुलंच पिकवायची. मुलगी झाल्यानंतर एका दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. अकोल्याला एक मित्र आहे, कापसाच्या अडतीवर मुनीम आहे, आणि तो नुसता मित्र नाही. मला अंदाज होताच. मी भाकरी थापत होते, ती थापून झाली, मग दुसरी घेतली. मोर्शीला माहेरी जाऊन भावजयीच्या दारात बसण्यापेक्षा दुकान बरं, एवढाच विचार मी केला. मुनीम दर रविवारी अकोल्याहून यायचे. पहिली वर्षं मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून आत निघून जात असे. पुढे त्यांनीच पोरीला पाढे शिकवले, माझ्या बाळंतपणानंतरच्या कंबरेसाठी तेल आणलं. कोणी विचारलं की मी सांगायची, “अकोल्याचे पाहुणे आहेत.” ते आणि घरचे ओसरीवर बसत, एकच पेपर वाटून वाचत.

आता त्या एका शब्दामुळे व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडणार होते. दुसऱ्या खुर्चीवर कोण बसणार, ते कोणी बोलेना. मी वर बसले तर मुनीम पुन्हा मागच्या रांगेत. ते वर बसले तर मुलीच्या सासरच्यांना काय सांगायचं?

“तू काय म्हन्तं?” घरच्यांनी मला विचारलं.

“मले काई म्हनाचं नाही. तुमीच सांगा.”

ते चष्मा पुसत बसले. जन्मभर लिहिणारा माणूस, पण घरात अवघड बोलायची वेळ आली की चष्मा पुसतो. शेवटी मुनिमांचाच फोन आला.

“वहिनी, तुमीच बसा. मी मांग बसतो. या वयात लोकाईले काय दाखवाचं आता?”

“तुमाले बसावं वाट्टे का नाही, ते सांगा.”

मग म्हणाले, “तब्येत कशी आहे तुमची?”

तेव्हा मला कळलं की त्यांना बसायचं आहे. पण कळूनही मी काही केलं नाही. फार थकवा आला होता या सगळ्याचा.

सत्काराला मीच वर बसले. खुर्ची गुबगुबीत, बूड आत रुतणारी. अशा खुर्चीत माझी कंबर धरते. भाषणं सुरू झाली. पहिल्याने वेदना सांगितली, दुसऱ्याने संघर्ष. तिसरे पाहुणे माझ्याकडे हात करून म्हणाले, “आणि या त्यागमूर्ती.” सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मूर्तीची कंबर दुखत नाही, माझी दुखत होती.

घरच्यांना शाल घातली. मग एका बाईंनी माझी ओटी भरली, खण, तांदूळ, नारळ. पदर धरून मी मान वर केली तेव्हा मुनीम दिसले. शेवटच्या रांगेत, पांढरा कडक इस्त्रीचा सदरा घालून. त्यांच्या पुढे एक धिप्पाड माणूस बसला होता. ते कधी त्याच्या डाव्या खांद्यावरून पाहत, कधी उजव्या.

मी उठले. सूत्रसंचालन करणारी तीच पुण्याची पोरगी, ती माइकवर बोलता बोलता थांबली. ओटी सांभाळत मी पायऱ्या उतरले आणि मधल्या वाटेने मागे गेले.

“माहं बसनं झालं,” मी मुनिमांना म्हटलं. “आता तुमी जा वर.”

“वहिनी, असं नसते करत.”

“कंबर दुखून राहिली माही. उठा न.”

“लोकं पाहून राहिले.”

“पाहाले तं आले ते. मले हा नारळ घेऊन उभं ठेवता का?”

ते उठले. त्यांच्या जागेवर मी बसले, लोखंडी खुर्ची, कंबरेला बरी. ते पायऱ्या चढताना घरच्यांनी हात पुढे केला आणि ते बसेपर्यंत सोडला नाही. त्या दोघांना शेजारी बसलेलं मी ओसरीवर जन्मभर पाहिलं. चारचौघांत पाहिलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मांडीवर ओटी होती, मला वाजवता आल्या नाहीत. मला बरं वाटलं की वाईट, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मुलीच्या सासूबाई चहा न घेता निघून गेल्या. मुलगी थांबली. तिने मुनिमांच्या पाया पडून मग माझ्या हातातला नारळ घेतला.

दुसऱ्या दिवशी फुलबाजारात माझ्या शेजारी बसणारी बाई पेपर घेऊन आली. तिचा पेपर रोज पुड्या बांधायला असतो, आधी वाचून घेते.

“माय, तुमच्या घरच्याईचा फोटो आला ना,” ती म्हणाली. “पन हे सपत्नीक म्हन्ते, आन् तुमी तं कुठीच दिसत नाही. कुठं गेलत्या?”

मी पाहिलं. फोटोत दोन म्हातारे शेजारी शेजारी, एकाच्या अंगावर शाल, एकाचा पांढरा सदरा. खाली पत्रिकेतलीच ओळ जशीच्या तशी छापलेली.

“खालती बसली होती,” मी म्हटलं.

“आन् हा दुसरा बुढा कोन?”

अकोल्याचे पाहुणे, हे तोंडात आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय. पण वर्षानुवर्षं तेच ते चघळायचा कंटाळा आला होता मला.

“वाच न,” मी म्हटलं. “लिवलं तं आहे खाली.”

तिने पुन्हा वाचलं. मग फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेपराची घडी केली, आणि ती पुड्यांच्या गठ्ठ्यात न टाकता बुडाखाली ठेवली.

“शेवंती काय भावानं लावून राहिल्या आज?” तिने विचारलं.