वहिनीला दुसरा महिना होता तेव्हा

बोर्ली पंचतनच्या बाजारात वहिनी सुका जवळा विकते. त्या वासाने मला दहा वर्षांपूर्वीचं आमचं अंगण दिसतं. तिला दुसरा महिना होता. दोन दिवस पोटात पाणी ठरत नव्हतं, तरी त्याच वासात बसून ती जवळा पसरत होती. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, नजर लागते. डॉक्टरलाही नाही. या मूर्खपणाचा मला आजही संताप येतो.

उठताना तिला भोवळ आली. माझा हात धरून ती पुटपुटली, "तूच सांग. तुझा तोंड मोठा हाय."

मी अख्ख्या अंगणाला ऐकवलं, "वहिनीला दिवस गेलेत. पानी पन ठरत न्हाय. दवाखान्यात नेतेय."

"तोंड आवर गो," आई म्हणाली.

शेजारची काकू हात झटकत उठली. "मी पन अशीच लपवून पडलेली. चल, रिक्षा बघते."

सलाईन लागलं. संध्याकाळी वहिनी वाटीभर पेज प्यायली आणि ती पोटात राहिली. आईने वाटी उचलली आणि हळूच म्हणाली, "अजून देऊ?"

पुढे आरोग्याच्या कामात मी गरोदर बायकांसाठी ढीगभर पत्रकं लिहिली. अंगणात ओरडून सांगितलेल्या त्या वाक्याइतकं काम एकानेही केलं नाही.

काल बाजारात एका नव्या सुनेने नाकाला पदर लावला. वहिनीने टोपली झाकून विचारलं, "कितवा गो?"

"दुसरा," ती सगळ्यांदेखत म्हणाली.