तोंडी परीक्षेतली माझी युक्ती

इंग्रजी बोलायला शिकवणारे ते मास्तर आठवले की मला आजही किळस येते. नागपूरच्या महाल भागातल्या एका माडीवर ते क्लास घेत. कचेरीतून निवृत्त झालेले, तोंडात सदा पान, शेजारी पिकदाणी. पिंक टाकून झाली की त्याच लाल तोंडाने ते आम्हाला ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणायला लावत. इंग्रजी त्यांनी फारसं शिकवलंच नाही. शिकवल्या त्या युक्त्या. साहेबाच्या टेबलाला हात लावू नये. उत्तर सुचलं नाही तर खोकावं आणि रुमाल काढावा. साहेब हसला की हसावं, त्याच्याआधी नाही. मॅट्रिक झालेले आम्ही घोडे हे सगळं वहीत उतरवून घेत होतो आणि लाज कोणालाच वाटत नव्हती.

आमच्या घरी माझ्याच खोलीत भाड्याने राहणारा मित्र मात्र या क्लासला कधी आला नाही. तो कुहीकडच्या खेड्यातला, धान पिकवणाऱ्या घरातला. इंग्रजी तो पुस्तकं वाचून शिकला होता, आणि शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठाने फेऱ्या मारता मारता मला बोलायलाही त्यानेच शिकवलं. मी अडलो की तो थांबायचा, वाक्य पुरं करून द्यायचा, पुन्हा म्हणायला लावायचा. त्याचे उच्चार जरा गावाकडचे होते, पण त्याचं वाक्य कधी लटपटत नसे.

एका सरकारी कचेरीत कारकुनाची जागा निघाली. एकच जागा. लेखी परीक्षेनंतर आम्ही दोघेच उरलो. त्याच्या वडिलांचा निरोप आला होता, ही नोकरी लागली तर राहा शहरात, नाही तर कापणीला घरी ये तो कायमचा. त्याला शेतीचा कंटाळा नव्हता, पण त्याला शिकायचं होतं, आणि पुस्तकं शहरात होती. माझे वडील नागपुरातच कोर्टात कामाला होते. त्यांनी मला आज ना उद्या कुठेतरी चिकटवलंच असतं. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी मास्तरांकडे गेलो.

तोंडी परीक्षेत साहेब दोघांना समोरासमोर बसवून आपसात बोलायला लावतो, असं कळलं होतं. मी ते मास्तरांना सांगितलं.

“मंग काय कठीण हाय बाबू?” मास्तर पान जमवत म्हणाले. “तो बोलला का तू म्हणायचं, आय बेग युअर पार्डन. गोड हसून. दोनदा, तीनदा. साहेबाले वाटते, याचं बोलणंच कोणाले समजून नाही राहिलं. समोरचा आपोआप चूप बसते.”

मी तिथून उठून यायला हवं होतं. उलट घरी येऊन मी आरशासमोर ते गोड हसू बसवलं.

परीक्षेच्या दिवशी साहेबाने विषय दिला, खेड्यातलं जीवन. मित्राचा चेहरा उजळला. तो रोवणीबद्दल बोलू लागला, चिखलात दिवसभर वाकून रोपं लावणाऱ्या बायांबद्दल. मला शब्द न् शब्द समजत होता. मी हसलो आणि म्हणालो, “आय बेग युअर पार्डन?” त्याने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तो माझ्यासाठी सोपे शब्द शोधू लागला. साहेब कागदांतून मान वर करून त्याच्याकडे पाहू लागला. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, आणि तो तळहात धोतराला पुसत बसला.

मग मी बोललो. ज्याने कधी चिखलात पाय घातला नाही तो मी, पाच मिनिटं खेड्यावर बोललो. तलावाकाठी ऐकलेली त्याचीच वाक्यं होती ती. साहेब म्हणाला, “व्हेरी क्लिअर.” जागा मला मिळाली.

बाहेर कडुनिंबाखाली आम्ही दोघं उभे होतो. तो माझ्यावर रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

“मी येवढं खराब बोलून राहिलो होतो का गा?” त्याने विचारलं. “तुले बी नाही समजलं? खरं सांग.”

साहेब अजून आतच होता. नेमणुकीच्या कागदावर सही व्हायची होती. दहा पावलं मागे जाऊन मला सगळं बोलता आलं असतं.

“नाही समजलं,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. जरा वेळाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बरं झालं तू सांगितलं,” तो म्हणाला. “मी तं तुले बी तसंच शिकवून राहिलो होतो. तुह्यं नशीब चांगलं, तू बिघडला नाही.”