गार्डीणबाईंचा समुद्र

गार्डीणबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं आमच्या रेल्वे कॉलनीत सगळे म्हणायचे. साफ खोटं. कारण असायचंच, आणि ते बाकीच्यांनाही दिसलेलं असायचं. पण बाकीचे मुकाट्यानं गिळायचे आणि गार्डीणबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "कावून?" नळाला पाणी नाही, कावून? रेशनच्या तांदळात खडे, कावून? मी साताऱ्याकडची, नुकतंच लग्न होऊन भिलाईला आलेली. आमच्याकडे बायका मनातल्या मनात 'का' म्हणत. तो शब्द असा चारचौघांत फेकून मारता येतो, हे मी त्यांच्या शेजारी राहायला आल्यावर पाहिलं.

कारखाना उभा राहत होता ते दिवस. यार्डात रात्रंदिवस मालगाडीच्या वाघिणी यायच्या, लोखंडाच्या दगडाची लाल धूळ उडायची आणि अंगणातल्या वाळवणावर बसायची. आम्ही चरफडत कुरडया झटकायचो. गार्डीणबाईंनी एकदा ते लालभडक सूप उचललं, तडक यार्डाच्या ऑफिसात गेल्या आणि साहेबाच्या टेबलावर ठेवलं. "खाऊन पाहा," म्हणाल्या. "कारखाना पायजे, मी नाही म्हणत नाही. पण तो आमच्या कुरडयांत कावून?" साहेब हसला. त्या हसण्याचा राग मला आजही येतो, तर त्यांना तेव्हा किती आला असेल!

घरात माणसं तीनच. गार्डसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, मालगाडीवर गार्ड, अबोल माणूस. दुसऱ्या, गार्डसाहेबांच्या आई. गार्डीणबाई त्यांना आत्याबाई म्हणत, म्हणून आम्हीही आत्याबाईच म्हणायचो. पाय गेलेले, पण नजर शाबूत, आणि बोलणं इतकं मऊ की ही सासू त्या सुनेला सोसते कशी, असं नवख्याला वाटावं. दोघींचं मेतकूट असं की एकीनं पान लावावं आणि दुसरीनं न मागता सुपारी पुढे करावी.

आत्याबाईंनी समुद्र पाहिला नव्हता. नागपूरच्या पलीकडून मुलाच्या नोकरीपाठोपाठ भिलाईपर्यंत आल्या, तेवढाच त्यांचा प्रवास. वाटेत नदी लागली की हात जोडायच्या आणि खिडकीतून तांब्याचा पैसा टाकायच्या. शिवनाथच्या पुलावरही टाकला होता. कनवटीला जुने भोकाचे पैसे त्यासाठीच जपलेले असत. "नद्या समद्या झाल्या," म्हणायच्या. "दर्या तेवढा राह्यला."

मुलगा रेल्वेत, फुकट पास हक्काचा, समुद्रकाठच्या वॉल्टेरला जाणारी गाडी रायपूरहून सुटते, आणि तरी या बाईला समुद्र दिसू नये? कारण रजा नाही. कारखान्याचा माल येतोय, गार्ड कमी आहेत, पुढच्या महिन्यात बघू. गार्डसाहेब अर्ज करायचे, तो परत यायचा, ते घडी घालून खिशात ठेवायचे. दोन उन्हाळे असेच गेले. गार्डीणबाईंनी ऑफिसच्या पायऱ्यांवर उभं राहून कावून विचारून पाहिलं. "राष्ट्राचं काम आहे, बाई," असं उत्तर मिळालं. जणू आत्याबाई त्या राष्ट्राच्या कुणी लागतच नव्हत्या!

अशात एक तेलुगू गार्ड त्यांच्याकडे चहाला आले. आत्याबाईंच्या गळ्यातल्या माळेतलं पोवळं पाहून म्हणाले, हा दगड नव्हे, समुद्रात हे जिवंत असतं, वाढतं. त्यांच्या सासरवाडीला, वॉल्टेरच्या किनाऱ्यावर, ओहोटीला खडकांवर याच्या भावकीतले बरेच जीव दिसतात, फुलासारखे उघडतात, मिटतात. आत्याबाई पोवळं चिमटीत धरून बघत राहिल्या. "जित्तं असते म्हंते हे," त्या सुनेला म्हणाल्या. "एक डाव पाह्यलं असतं वं." बस्स. गार्डीणबाईंनी कप खाली ठेवला. "रजा देत नाहीत ना? नोका देऊ. दर्याच इथं आणतो मी. कावून नाही येणार?"

आता समुद्र आणायचा म्हणजे पाणी आलं. गार्डसाहेबांची हद्द त्या वाटेवरच्या टिटलागढपर्यंत. तिथवर तेलुगू गार्डांनी आणायचं, पुढे यांनी आपल्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डाच्या डब्यातून. गार्डीणबाईंनी लखलखीत घासलेला तांब्याचा हंडा धाडला. समुद्राचं पाणी म्हणजे तीर्थ, आणि तीर्थ तांब्यात, यात कुणाला काय चुकीचं वाटणार? आम्हा बायकांपैकी एकीलाही वाटलं नाही. दगड डब्यात वेगळे आले, त्यांच्यावर बोटाच्या पेरासारखे काही जीव चिकटलेले. हंड्यातलं पाणी काचेच्या पेटीत ओतलं, दगड मांडले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्याचा बुळबुळीत लगदा होऊन घाण सुटली.

गार्डीणबाई इतक्या संतापल्या की त्यांनी दोन दिवस कुणाशी धड बोलणं ठेवलं नाही. मग एका दुपारी मागच्या दारानं माझ्याकडे आल्या. "बाई, कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं तं काय होते?"

"कळकतं," मी म्हटलं.

"तं मंग समुद्र कावून नाही कळकणार?" आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून त्या पाण्याजवळ तांबं-पितळ आणायचं नाही, असा हुकूम सुटला. माझ्या हातातल्या पाटल्यासुद्धा त्या दारातच काढायला लावायच्या, सोन्याच्या आहेत म्हणून सांगितलं तरी.

भांडं काचेचं हवं. पहिली पेटी यार्डातल्या फिटरनं हौसेनं लोखंडी चौकटीत काचा बसवून करून दिली होती, ती चौकट पंधरवड्यात गंजून गळायला लागली. "एवढा मोठा कारखाना बांधून राहिले, अन् तुमच्या लोखंडाले मीठ सोसत नाही?" हे त्या बिचाऱ्या फिटरला ऐकावं लागलं. शेवटी गार्डसाहेबांनी तारऑफिसातली, बॅटरीची म्हणून असायची ती, जाड काचेची चौकोनी बरणी मिळवली. तिच्यातला तेजाब जावा म्हणून गार्डीणबाई ती महिनाभर धूत, भिजवत, उन्हात घालत होत्या. पाणी आता लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्यांतून आलं. दगड या वेळी दोनच. उन्हानं पाणी आटलं की विहिरीचं गोडं पाणी घालायचं, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. हे त्यांनी रोजच्या आमटीवरून ओळखलं.

पाण्याला वारा लागतो, असं तेलुगू गार्डांनी बजावलं होतं. म्हणून कॉटखाली ट्रकची जुनी ट्यूब ठेवली, सायकलच्या पंपानं फुगवायची. तिला इस्पितळातली बारीक रबरी नळी जोडून चिमट्यानं आवळली, की तळातून बुडबुड बुडबुड सुरू. त्या बुडबुड्यांवर लक्ष ठेवायचं काम आत्याबाईंचं. बरणी त्यांच्या कॉटशेजारीच होती. आवाज मंदावला की त्या हाक द्यायच्या, "दर्याचा दम भरला वं सूनबाई!" आणि गार्डीणबाई पोळपाट टाकून पंप मारायला धावायच्या.

आणि ते फूल उघडलं. सकाळचं ऊन बरणीवर आलं होतं, आणि दगडावरच्या मातकट बोंडातून हिरवट-जांभळी बोटं हळूहळू बाहेर आली, पाण्यात हलायला लागली. पलीकडे बटणाएवढी पोवळ्याची भावकी एकेक करून उमलली. दगडासोबत आलेला शंखातला इवला खेकडा आपलं घर ओढत निघाला. मी नुसती बघत उभी. आत्याबाईंनी माळेतलं पोवळं काचेला लावलं आणि म्हणाल्या, "पाह्य रे बापा, तुह्ये भाऊबंद."

कॉलनीनं काय करावं? हसावं! आमचे शेजारी येता-जाता विचारायचे, "गार्डीणबाई, भरती कधी?" कुणी म्हणे, मासे तळायला कधी बोलावताय? त्यात माझे यजमानही होते. त्या दिवशी मी त्यांना वाढलं, पण बोलले नाही. हेच लोक नवी भट्टी पेटली की पेढे वाटत. दगड वितळवून लोखंड केलं तर शाबासकी, आणि दगडावर एक फूल जगवलं तर चेष्टा, हा कुठला न्याय?

महिना-दीड महिना झाला असेल. दुपारी मी गेले तर गार्डीणबाई बरणीसमोर उकिडव्या बसलेल्या. फूल मिटून तळाशी पडलं होतं, त्यावर साय धरलेली. खेकडा शंख सोडून उघडा पडला होता. त्यांनी हात घालून दगड उचलला, खालून काहीतरी काढलं. भोकाचा तांब्याचा पैसा, हिरवा पडलेला.

"कोनं टाकला?" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "हासून पोट नाही भरलं लोकायचं? जीव घेतला? कोनं टाकला, अन् कावून?"

"म्या टाकला वं," कॉटवरून आत्याबाई म्हणाल्या. चेहरा नुसता उजळलेला. "परवा तू पाण्याले गेली होती तवा. दर्या घरी आला, अन् त्याले पैसा नाही टाकला, बरं दिसते का? हात जोडले. म्हटलं, माह्या सुनेले सुखी ठेव."

तांब्याचा हुकूम साऱ्या कॉलनीला सुटला होता, पण अंथरुणावरच्या म्हातारीला तो सांगायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. गार्डीणबाईंची मूठ मिटली, पैशासकट. मग त्या म्हणाल्या, "बरं केलं, आत्याबाई. लय बरं केलं."

बाहेर येऊन मला म्हणाल्या, "कोनी विचारलं तं उन्हानं गेलं म्हून सांगजा." मी तसंच सांगितलं. समुद्र आटला म्हणून लोक हसले, आणि ज्या बाईनं साहेबांचं हसू ऐकून घेतलं नव्हतं, तिनं यांचं ऐकून घेतलं. माझा तर तिळपापड होत होता. आत्याबाई विचारायच्या, "फूल कावून मिटलं वं?" आणि त्या घरातल्या एकाच कावूनला खोटं उत्तर मिळायचं: "झोपलं हाये. उन्हाळा हाये ना." धुतलेल्या दगडांवर बुडबुडे सोडत त्या रोज पंप मारत राहिल्या. तेलुगू गार्डांना नवा निरोप गेला होता. दगड यायचे होते.

ते येण्याआधीच, वैशाखाच्या तलखीत आत्याबाई गेल्या. आणि त्याच संध्याकाळी ऑफिसचा शिपाई रजेचा कागद घेऊन आला. मंजूर. न मागता, पाससकट. गार्डसाहेबांनी कागद घेतला. गार्डीणबाई ओल्या लुगड्यानं दारात आल्या, शिपायाकडे नाही, त्याच्या मागे यार्डाकडे बघत म्हणाल्या, "मेल्यावर रजा हाये. तं मंग जित्तेपणी कावून नव्हती?" हसायला त्या दिवशी कुणी पुढे आलं नाही. मी म्हातारी झाले, माझी दोन मुलं त्याच रेल्वेतून पेन्शनीत निघाली, पण या प्रश्नाचं उत्तर देणारा साहेब मला भेटलेला नाही.

अस्थी शिवनाथेत सोडायला हव्या होत्या, भाऊबंदांनी तसं सुचवलंही. गार्डीणबाईंनी ऐकलं नाही. दोघं वॉल्टेरला गेली. बरणीतले ते दोन दगड नेले आणि तो हिरवा पैसाही. परत आल्या तेव्हा मी चहा घेऊन गेले. कॉटशेजारची बरणी कोरडी, पालथी होती. मी विचारलं, "कसा वाटला समुद्र?"

गार्डीणबाईंनी चहा बशीत ओतून फुंकर घातली.

"लय पाणी हाये वो बाई," त्या म्हणाल्या. "अस्थीसंग त्यायचा पैसाबी सोडला. काही नाही झालं. एका पैशानं काही होत नाही त्याले."