दोन श्रावण आणि एक कोहो

२००४ सालच्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानं बोट घेतली. पूर्ण नव्हे, अर्धी. उरलेली अर्धी त्याच्या ऑफिसातल्या एका तमिळ मित्राची. हा मित्र अंडंसुद्धा खात नव्हता, त्याला फक्त इंजिन खोलून परत बसवण्यात रस होता. माझा नवरा नागपूरचा. पाण्याशी त्याचा संबंध म्हणजे अंबाझरी तलावाच्या काठी बसून खाल्लेली भेळ. अशी ही जोडी सिएटलजवळच्या समुद्रात जाऊन कोहो पकडणार होती. कोहो म्हणजे सामन माशाचा एक चंदेरी, चपळ प्रकार. उन्हाळा संपता संपता तो समुद्रातून नद्यांकडे परत फिरतो आणि तेव्हा इथली अर्धी पुरुष मंडळी ऑफिसला आजारी असल्याचं कळवतात.

मी वेंगुर्ल्याची. मासा ताजा की शिळा हे मला चार हातांवरून कळतं, पण तो पकडायचा कसा हे आमच्या घरात कुणाला कधी शिकावंच लागलं नाही. मासे टोपलीत बसून दारात यायचे. त्यामुळे त्या जुनाट, कडेला पोपडे आलेल्या बोटीकडे बघून मला पहिल्या दिवशीच संताप आला होता. गराजमध्ये ती मावेना. माझी गाडी रस्त्यावर गेली. तरीही मी तोंड बंद ठेवलं, त्याला कारण बाबा.

आई आदल्या कार्तिकात गेली. मे महिन्यात मी बाबांना इकडे घेऊन आले. वर्षश्राद्धासाठी त्यांना ऑक्टोबरात परत जायचं होतं. बाबा म्हणजे तहसील कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क आणि जेवणाच्या ताटावरचे न्यायाधीश. आयुष्यभर त्यांनी आईच्या हातचा एक घास निमूट खाल्ला नाही. मीठ पुढे गेलंय, कोकम जास्त झालं, आजची सुरमई कालची आहे. आई म्हणायची, "मग उद्या स्वतः करा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी जेवताना असंच बोलतात.

इथं आल्यावर बाबा एक शब्द बोलेनात. मी काहीही केलं तरी "छान झालंय." एकदा आमटीत मीठ घालायचंच विसरले, तरी "छान झालंय." दोन घास खायचे, ताट नीट धुऊन ठेवायचे आणि खिडकीपाशी बसायचे. सदरा अंगावर लोंबायला लागला. त्या "छान"नं माझं डोकं उठायचं. मी मुद्दाम भाजी करपवून बघितली, मुद्दाम तिखट जास्त घातलं. छान झालंय! परक्याच्या घरी पाहुणा वागतो तसं माझा बाप माझ्या घरी वागत होता. याच गतीनं खात राहिले तर गावी एकटे परतल्यावर यांचं काय होणार, या विचारानं मला धड झोप लागत नव्हती. जाण्याआधी त्यांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या हातचं पोटभर जेवावं, एवढंच मला हवं होतं.

बोट आली त्या दिवशी बाबा खिडकीतून उठले. खाली गेले, बोटीभोवती एक फेरी मारली, कडेवर बोटानं टकटक केलं. एवढंच. पण मला तेवढं पुरलं. दुकानात बर्फावर पडलेल्या माशांकडे ते बघायचे नाहीत, मग समुद्रातून ताजा आणून दिला तर? मनातल्या मनात बोटीच्या नावानं खडे फोडणारी मी दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला विचारायला लागले, "कधी जाताय?"

तर बाबा कॅलेंडर घेऊन आले. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात फुकट मिळालेलं. त्यांनी जुलैच्या पानावर बोट ठेवलं. "यंदा अधिक श्रावण आहे. दोन श्रावण."

"बाबा, अधिक कोण पाळतं हो?"

"ती पाळायची."

मी कॅलेंडर हातात घेतलं. आता हिशेब करून बघा: कोहो येतो जुलै ते सप्टेंबर आणि त्या वर्षी श्रावण जुलैच्या मध्यावर सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यावर संपत होता. मग आमचा दीड दिवसाचा गणपती. ते झाले की पितृपक्ष, त्यात बाबा माशाला शिवणार नाहीत. पितृपक्ष सरला की परतीचं विमान. सगळ्या मोसमात गणपती आणि पितृपक्ष यांच्या मधला एकच शनिवार मोकळा सापडला. अख्खा समुद्र पडलाय, त्यात मासे पडलेत, आणि आमच्या हाती एक शनिवार.

त्या शनिवारपर्यंत निदान सराव तरी होईल म्हणून या दोघांना मी समुद्रावर पाठवत राहिले. काय सराव करायचे देव जाणे. उतारावरून ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा असतो. नवऱ्यानं चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जायचा आणि मागं गाड्यांची रांग लागायची. पाण्यात गेल्यावर ढवळून यायचं म्हणून मित्र अर्धा वेळ कडेला वाकलेला. घरी यायचं ते शेवाळ आणि उन्हानं सोललेली नाकं.

यात भर मी घातली. नारळी पौर्णिमा आली तेव्हा मला वाटलं, चुकतंय ते इथंच. आमच्याकडे नारळ दिल्याशिवाय समुद्रात बोट घालत नाहीत आणि ही दोघं महिनाभर तशीच हुंदडतायत. मी बाबांनाही घेऊन गेले. वाटलं, हे बघून तरी काहीतरी बोलतील. बोटीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली. वाऱ्यानं ती चार वेळा विझली. मागं ट्रकमध्ये बसलेले लोक आधी कौतुकानं आणि मग घड्याळाकडे बघायला लागले. नवरा आणि मित्र हात जोडून उभे. मी नारळ समुद्राला दिला आणि समुद्रानं तो दोन मिनिटांत परत आणून दिला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. शेवटी गुडघ्याएवढ्या बुटातला एक आजोबा पाण्यात उतरला आणि नारळ माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मॅम, हा तुमचा पडला."

या गडबडीत बोटीच्या तळाचं बूच लावायचं राहिलं. पाणी काढून टाकायला तळाला एक भोक असतं, पाण्यात जाण्याआधी ते बंद करायचं असतं. रोज मित्र आठवणीनं बूच लावायचा, त्या दिवशी तो हात जोडून उभा होता. धक्क्यापासून थोडं लांब गेल्यावर बोट मागून बसायला लागली. दोघं डब्यानं पाणी उपसत, ओरडत परत आले. मी कपाळाला हात लावला. बाबा धक्क्यावर उभे राहून सगळं बघत होते. घरी जाताना गाडीत म्हणाले, "पूजा छान झाली." मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं.

शेवटी तो शनिवार आला. मित्राला ऑफिसात कसलंसं सॉफ्टवेअर रिलीज होतं, म्हणून नवरा, बाबा आणि मी. पहाटे निघालो, फेरी पकडली, मग सामुद्रधुनीच्या काठानं लांबच लांब ड्राइव्ह. आभाळ राखाडी, पाणी राखाडी, मधली रेघ कुठं ते कळत नव्हतं. नवऱ्यानं आमिषाचं पाकीट उघडलं. हेरिंग नावाचे बोटाएवढे चकचकीत मासे, हुबेहूब आपले पेडवे. बाबांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. नवऱ्यानं गळ लावून काठी त्यांच्या हातात दिली. "बाबा, फक्त घट्ट धरून ठेवा. टेन्शन नका घेऊ."

सकाळभर काही नाही. दुपार झाली. माझे पाय थंडीनं गेले होते. मनातल्या मनात मी नवऱ्याला, त्याच्या मित्राला, पंचांगाला आणि अधिक महिना शोधून काढणाऱ्याला शिव्या देत होते. तेवढ्यात बाबांच्या हातातली काठी पाण्याकडे वाकली.

"अहो!" बाबा ओरडले. दोर सरसर जायला लागला. मासा पाण्याबाहेर उडाला, सगळा चांदीचा, आणि परत आत गेला. नवरा इंजिनापाशी धडपडत होता, मी जाळं घेऊन चुकीच्या बाजूला उभी. बाबा चाकी फिरवायचे थांबेनात. दात घट्ट मिटलेले. कितीतरी वेळानं तो बोटीपाशी आला आणि मी त्याला पाण्यातच जाळ्यात घेतलं. केवढा तो! माझ्या हाताएवढा. मी त्याच्याकडे बघत मनात नारळ खवायला घेतला होता.

नवरा कडेवरून वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "पर आहे."

हा तिथला नियम. सरकारी केंद्रात पिल्लं वाढवून सोडतात तेव्हा त्यांच्या पाठीवरचा, शेपटीच्या अलीकडचा नखाएवढा पर कापून टाकतात. पर कापलेला कोहो घरी न्यायचा. पर शाबूत असेल तर तो रानातला, त्याला पाण्याबाहेर न काढता तसाच सोडायचा. आमच्या माशाचा पर छान शाबूत होता.

"म्हणजे काय?" बाबा.

"सोडावा लागेल, बाबा. फाइन होतो."

"इथं कोण बघतंय?"

"बाबा, माझं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. उगाच रेकॉर्डवर काही आलं तर..."

"या माशाला ठाऊक आहे तुमचं कार्ड?"

नवऱ्यानं पकडीनं गळ धरला. तिथल्या नियमानं गळाला उलटा दात नसतो, लगेच सुटला. त्यानं जाळं उलटं केलं. मासा क्षणभर तिथंच थांबला, आणि मग नव्हता.

"गाढवा!"

मी दचकले. आमच्याकडे जावयाला कुणी मोठ्यानं हाक मारत नाही. लग्नात याच्या हातून समई पडली होती तर बाबा म्हणाले होते, शुभ असतं. तेव्हापासून कायम जावईबापू, कायम तुम्ही.

"अरे गाढवा, हाताशी आलेला मासा सोडलास? तळहाताएवढी तुकडी पडली असती एकेक! कार्ड, कार्ड काय करतोस? आणि हे बघ, एवढे चांगले पेडवे आमिषाला घालतोस? हेच तळले असते तर चार माणसं जेवली असती! बोट सरळ नेता येत नाही, बूच लावायचं भान नाही, आणि निघाले मासे मारायला! आणि ही. ही जाळं धरून उभी, जशी आरतीला आलीय! एवढ्या लांबून मला आणलं, थंडीत कुडकुडवलं, कशासाठी? तर मासा धरून सोडायला! बघितलंस ना गं, काय लेकीनं शोधलाय..."

ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यापलीकडे, जिथं फक्त पाणी होतं, तिकडे बघत होते. मला त्यांनी त्या सुरात कधी हाक मारली नव्हती. तो सूर फक्त आईसाठी असायचा. वाक्य अर्धंच राहिलं. बाबा मटकन बसले, चेहरा पुसला, डोळे पुसले. नवरा हात लटकावून उभा होता. लाटा बोटीला हळूहळू थापट्या देत होत्या.

मग बाबा म्हणाले, "भूक लागलीय मला."

परत येताना वाटेतल्या सुपरमार्केटपाशी त्यांनी स्वतः गाडी थांबवायला लावली. त्याच दुकानाच्या मासळीसमोरून एरवी ते मान फिरवून जायचे. आत जाऊन काउंटरवरच्या पोराला विचारलं, "व्हेन कम धिस?" पोरगा काय म्हणाला ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. तुकडा हातात घेऊन दाबला, वास घेतला, मला म्हणाले, "मेलेला आहे. चल, घे."

नवरा पार्किंगमध्ये माझ्या कानाशी म्हणाला, "यार, मला 'अरे' म्हणाले." काय खूश होता!

घरी येऊन मी डब्यातलं नारळाचं दूध काढलं, तिरफळं टाकली, कोकम टाकलं. बाबा आधीच पाटावर बसल्यासारखे टेबलाशी बसले होते. पहिला घास घेतला. चावला. मी गॅसपाशी उभी.

"नारळ डब्यातला ना? लगेच कळतं. मीठ कुठाय? आणि हा मासा शिजवलास का छळलास? तुझ्या आईनं एवढा वेळ ठेवला असता का?" मग ताट माझ्यापुढं सरकवलं. "भात वाढ अजून. आणि रस्सा घाल, एवढ्याशानं काय होतं?"

मी वाढलं. पुन्हा मागितलं, पुन्हा वाढलं. मग तोंड फिरवून सिंकचा नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात जे रडायचं होतं ते रडून घेतलं. मागं बाबा नवऱ्याला सांगत होते, की जाळं कसं धरायचं ते आधी बायकोला शिकव.

ऑक्टोबरात विमानात बसेपर्यंत त्यांनी माझ्या एकाही भाजीला बरं म्हटलं नाही.