सरगुंड्याच्या काडीवरचा दगड

आमच्या महाल वस्तीत असं सांगतात की प्रेमिलाकाकूंनी रामेश्वराहून येताना ट्रंकेत साड्यांखाली समुद्राचा तुकडा लपवून आणला, आणि म्हणूनच एक दिवस त्यांच्या शोभेच्या माशांच्या दुकानापुढे वनखात्याची जीप लागली.

जीप लागली होती, तेवढं खरं. बाकी काकूंचा लांबातला लांब प्रवास म्हणजे माहेर, सावनेर. समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही.

दुकानाच्या मधोमध खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात जांभळ्या सालीचा, भोकाभोकांचा एक दगड. भोकांतून बारके किडे मिशा काढून बसतात. असले जिवंत दगड लोक समुद्रातून उपटून आणत. उपटला की प्रवाळ गेलं, माशांचं घर गेलं. म्हणून कायद्यानं प्रवाळाला थेट वाघाच्या पंक्तीला बसवलं. तरी चोरटा माल येतोच. काकूंनी दुकान टाकलं तेव्हा एका दलालानं गोणी उघडून दाखवली होती. प्रवासात आतलं सगळं मेलेलं, वास गल्लीच्या टोकापर्यंत.

"घरही मोडलं न् घरवालेही मेले," काकू म्हणाल्या. "उचल गा हे."

मग त्यांनी स्वतःच सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवलं. मीठ पाण्यात विरघळलं, बारीक भोकं पडली. पण माशाला शिरायला बोगदे पाहिजेत. ते सरगुंड्यांवरून सुचले. कणकेची वळी काडीवर गुंडाळायची, वाळली की काडी ओढायची, पोकळ नळी तयार. तसंच सिमेंट. बाबाराव, म्हणजे काकूंचा नवरा, गच्चीवर येऊन म्हणाले, "यंदा आमरसासोबत हेच वाढतं काय वं?"

दगड ड्रमात पाणी बदलत बदलत मुरला. पुण्याच्या एका हौशी माणसाच्या जुन्या टाकीतली मूठभर वाळू मिळाली, तिच्यासोबत जीव आले. काही वर्षांत दगड असा नटला की अस्सलानं लाजावं. घोळ झाला तो तिथंच. कोणीतरी तक्रार केली आणि साहेब आले. दगड समुद्राचा निघाला तर टाकी जप्त आणि दुकानाला कुलूप, असं त्यांनी सांगितलं.

"हातचा आहे जी साहेब," काकू म्हणाल्या.

सगळे असंच म्हणतात, असं साहेबांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, टाकीपुढून हलतच नव्हता. पण वरून पाहून काही ठरेना. उपाय उरला एकच. फोडायचा.

बाबारावांनी हातोडी आणली आणि पाठीमागे लपवली. रोज सकाळी काकू त्या किड्यांना "उठा गा" म्हणून चारा घालतात. मी दुकानात कामाला, आणि गल्लीत नकलांसाठी ओळखला जाणारा. काउंटरमागून मी बाबारावांच्या कानात म्हटलं, काकूंचा हात चालणार नाही, पैज.

काकूंचे कान तिखट. "लाव मंग," त्या न वळता म्हणाल्या. "हरला तर या साहेबांची नक्कल करायची नाही. चितार ओळीच्या नाक्यावर नाही, गणपतीच्या स्टेजवर नाही, कधीच नाही."

मी हो म्हटलं. हरायचा सवालच नव्हता.

काकूंनी दगड परातीत घेतला, खारं पाणी ओतलं, किड्यांना म्हणाल्या, "जरा आत व्हा," आणि हातोडी हाणली. सरळ दोन फाका. आत पांढुरकं सिमेंट, ओळीनं सरळसोट बोगदे, आणि एका बोगद्यात ओढायची राहून गेलेली सरगुंड्याची काडी.

"अरे," बाबाराव म्हणाले, "किती उन्हाळे झाले, एक काडी कमी भरून राहिली म्हणून मी घर उलटंपालटं करून राहिलो."

साहेबांनी काडी ओढून पाहिली, हसले, मग त्यांची आई सरगुंडे कसे करायची ते सांगत बसले. दोन्ही फाका टाकीत परत गेल्या. आता काकूंकडे दोन दगड आहेत, दोन्ही जांभळे.

राहिला साहेबांचा आवाज. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. निघायचा कुठून, आणि 'जप्त' म्हणताना चढायचा कुठं, ते आत्ता करून... जाऊ द्या. हरलो ना.