बावीस खाटांची दाढी

त्याला सगळे नाकमुरडे म्हणत. आडनाव दुसरंच होतं, दुकानाच्या पाटीवर ते रंगवलेलंही होतं, पण वाचत कोण होतं? धंदा सलूनचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीची किळस, असा माणूस. गिऱ्हाईक बदललं की फडका बदलायचा, आणि ते फडके रोज स्वतःच्या हाताने उकळत्या पाण्यातून काढायचे. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी प्यायचं नाही. कुणी शेजारी बसून मचमच करत खाऊ लागलं तर हा ताटावरून उठायचा.

"लोकांच्या डोक्यातल्या कोंड्यावर आपलं घर चालतं," बायको म्हणायची, "आणि तुम्हाला माझ्या उष्ट्या कपाची शिसारी!"

त्याला वाढवलं मामाने. धंदाही मामानेच शिकवला. पहिल्यांदा वस्तरा हातात दिला तेव्हा मामा स्वतःची नडगी पुढे करून बसला होता आणि म्हणाला होता, "चालव. रक्त आलं तर माझं येईल, गिऱ्हाइकाचं नाही." दोन ठिकाणी आलं. मामाने तुरटी फिरवली आणि दुसरा पाय पुढे केला.

त्या मामाला सत्तराव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको म्हणाली, "घरी आणू या. मी करीन." नको म्हणाला तो हाच. तिसरा मजला आहे, जागा नाही, तू एकटी कुठवर करणार, अशी कारणं त्याने घडाघडा सांगितली. खरं कारण एवढंच होतं, की मामाचं हगणं-मुतणं आपल्या घरात, आपल्या भांड्यांपासून दहा पावलांवर, ही कल्पनाच त्याला सोसवेना. बायकोने ते ओळखलं. तिने ओळखलं, याचाही त्याला राग आला.

मग मामाला बसडेपोच्या मागच्या शुश्रूषागृहात ठेवलं. एका संस्थेचं होतं ते. खाली एकच लांब दालन, दोन्ही भिंतींना मिळून बावीस खाटा. सकाळी एक नर्स येऊन इंजेक्शनं देऊन जायची. बाकी दिवसभर एक मावशी, म्हणजे तिथली आया. फिनेलचा वास दारातच यायचा, आणि त्याच्या आडून दुसरा वास यायचा. पहिल्या भेटीत नाकमुरडे पाचव्या खाटेपर्यंत पोचला आणि तोंडावर हात धरून उलट पावली बाहेर पळाला. डेपोच्या गटारापाशी ओकला. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

तरी पुढच्या सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, तो गेला. रिकाम्या हाताने बसवेना म्हणून दाढीची पेटी घेऊन गेला. मामाचा उजवा गाल लोंबत होता, कोपऱ्यातून लाळ गळत होती. आधी लाळ पुसली, मग दोन बोटांनी कातडी ताणून हळूहळू वस्तरा फिरवला. दाढी झाल्यावर मामाने डावा हात उचलून स्वतःच्या गालावरून फिरवला आणि डोळे मिटले. बस, तेवढंच.

शेजारच्या सातव्या खाटेवरून आवाज आला, "आमचे गाल काय भाड्याने आणलेत का?"

तो कोर्टातला टायपिस्ट. कमरेखाली सगळं बंद, पण जीभ अजून मिनिटाला साठ शब्द. त्याची केली. मग आठव्याची. दोन महिन्यांत नाकमुरडे दर सोमवारी बावीसच्या बावीस दाढ्या करू लागला.

त्याला बरं वाटायला लागलं होतं, हे कबूल करायला हवं. व्यवस्थापक गोड बोलायचा. "तुमच्यामुळे वॉर्डाला कळा आली," म्हणायचा. पाहुणे यायचे असले की आदल्या दिवशी त्याचाच फोन, "जरा येऊन सगळ्यांची तोंडं नीट करून जाता का?" मग संस्थेचं गुळगुळीत कागदाचं पत्रक निघालं. त्यात खाटांच्या दोन रांगा, हनुवटीपर्यंत पांढरी पांघरुणं आणि वर बावीस तुळतुळीत चेहरे. नाकमुरडेने ते पत्रक दुकानातल्या आरशाला चिकटवलं. गिऱ्हाइकं वाहवा करायची, आणि हा मान खाली घालून हसायचा.

एका सोमवारी मामाच्या गालाला फेस लावताना साबणाच्या वासाखालून काहीतरी सडल्याचा वास आला. त्याने मावशीला हाक मारली.

"मामांचं काही साफ करायचं राहिलंय का? वास येतोय."

मावशीने हातातली बादली खाली ठेवली. "सहा महिने येताय तुम्ही. मानेच्या खाली कधी बघितलंत?"

तिने पांघरूण काढलं आणि मामाला कुशीवर वळवलं. माकडहाडावर वाटीएवढा खड्डा पडला होता. कडा काळ्या, आत पिवळा चिकटा आणि तळाशी पांढरं काहीतरी. ते हाड होतं. नाकमुरडे फेसाच्या वाटीतच ओकला.

"पडून पडून होतं हे," मावशी म्हणाली. "दर दोन तासांनी कूस बदलली तर होत नाही. पण एकाला वळवायला दोघं लागतात. मी एकटी. शेवटच्या खाटेपर्यंत जाईस्तोवर माझीच पाठ मोडते."

"मग वर सांगत का नाही?"

"सांगितलं की. म्हणाले, पाहुण्यांनी तर कधी तक्रार केली नाही."

दुकानात येऊन त्याने आरशावरचं पत्रक ओरबाडून काढलं. मामाचा तो तुळतुळीत चेहरा. खाली माणूस कुजत होता आणि हा वर पावडर लावत होता. पांघरूण संस्थेचं असेल, पण ते घालणारा हात आपला, असं त्याला वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या बोटांची घाण वाटली. साबणाने ती जाईना.

यानंतर तो धावत शुश्रूषागृहात गेला असेल असं कुणाला वाटेल. तो गेला नाही. दोन सोमवार घरात बसून राहिला.

"मला नाही जमत," तो बायकोला म्हणाला.

"मामांना तरी कुठं जमतंय?" ती म्हणाली आणि चपला घालून स्वतः गेली. संध्याकाळी कंबर धरत परत आली. "मावशी आणि मी मिळून अकरा जणांना वळवलं. बाकीचे राहिले."

त्या 'बाकीचे राहिले'ने त्याला झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तो गेला. नाकाला रुमाल बांधला. तेवढ्याने काही भागत नव्हतं. मामाच्या खांद्याखाली हात घातला, मावशीने कंबर धरली, एक-दोन-तीन म्हणून वळवलं, पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी. मग पुढची खाट. बाराव्या खाटेपाशी तो पुन्हा ओकला, तोंड धुऊन आला आणि तेराव्याला लागला.

पण दोघांनी-तिघांनी पुरं होणारं काम नव्हतं ते. मग त्याने दुकानात तोंड उघडलं. गालाला फेस लावून झाला की तो सुरू करायचा, जखम केवढी, कडा कशी, तळाशी काय दिसतं, आणि शेवटी, हात द्यायला येता का. काही गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीने उठून गेली. "सकाळी सकाळी काय हे!" म्हणाली आणि समोरच्या सलूनमध्ये जाऊ लागली. गेली ती गेली. पण टॅक्सीवाला आला. म्हणाला, "वस्तरा गळ्याशी धरून विचारतोस, नाही कसं म्हणू?" मीटर वाचणारा आला. शाळेतून निवृत्त झालेल्या कवायतीच्या बाई आल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना वजन कसं उचलायचं ते शिकवलं. आरशाच्या बाजूला भिंतीवर तक्ता लागला: डावी, उताणी, उजवी, आणि समोर वेळ व नाव. या मंडळींना लोक कूसवाले म्हणू लागले.

आले ते सगळे साधुसंत नव्हते. एकाने खाटेला टेकून स्वतःचा फोटो काढला आणि त्यानंतर तो दिसलाच नाही. एकीने मदत म्हणून चादरींचं गाठोडं पाठवलं. चादरी डागाळलेल्या, मधोमध फाटलेल्या. "गरिबांना चालतं," असा निरोपही होता. नाकमुरडेने ते गाठोडं जसंच्या तसं तिच्या दारात नेऊन ठेवलं.

पंधरा दिवसांत व्यवस्थापकाने दारातच अडवलं. "बाहेरच्यांनी पेशंटला हात लावायचा नाही. कुणी पडलं-झडलं तर जबाबदारी कुणाची?"

"आणि पाठ कुजली तर ती कुणाची?"

"तुमची सेवा आहेच की. दाढी चालेल. पुढच्या महिन्यात अध्यक्ष येणार आहेत, देणगीदारांना घेऊन. दाढी तर हवीच."

नाकमुरडे पेटी घेऊन आत आला. टायपिस्टने त्याला विचारलं, काय झालं. सगळं ऐकून म्हणाला, "दाढी हवीय ना त्यांना? मग दाढीच बंद. नाक दाबलं की तोंड उघडतं."

"तुम्हाला चालेल? महिनाभर?"

"मला विचारतोस तसं प्रत्येकाला विचार."

त्याने खाटेखाटेपाशी जाऊन विचारलं. ज्यांना बोलता येत होतं ते हो म्हणाले, बाकीच्यांनी खुणेने सांगितलं. एका म्हाताऱ्याने नकार दिला, त्याची सून रविवारी यायची. त्याची दाढी होत राहिली. मामापाशी वाकून नाकमुरडेने विचारलं. मामाने त्याच्या हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं, आणि डाव्या हाताने तो हळूच बाजूला सारला.

महिन्याभरात दालनाचं रूप पालटलं. एकवीस चेहऱ्यांवर पांढरे-करडे खुंट उगवले, मग झुडपं झाली. व्यवस्थापकाने दुसरा सलूनवाला आणला, तो समोरचाच होता. त्याने पहिल्या खाटेचं पांघरूण जरा सरकवलं आणि पेटी न उघडताच निघून गेला.

अध्यक्ष आले. सोबत सहा-सात माणसं, त्यात एक शेठ. त्यांनी दालनाला भला मोठा टीव्ही दिला होता, तोही अशा भिंतीवर लावलेला, की निम्म्या खाटांवरून मान वळवल्याशिवाय दिसायचा नाही. मान कुणाची वळत होती?

"हे काय?" अध्यक्ष दारातच थबकले. "यांच्या दाढ्या कुणी केल्या नाहीत?"

"दाढीचं मागाहून बघू, साहेब," टायपिस्ट म्हणाला. "आधी माझं पांघरूण काढा."

कुणी हललं नाही. व्यवस्थापक हसत काहीतरी सांगू लागला.

"तू काढ रे," टायपिस्ट नाकमुरडेला म्हणाला. "माझं शरीर आहे, मी सांगतोय."

नाकमुरडेने पांघरूण काढलं, त्याला कुशीवर वळवलं आणि माकडहाडावरच्या जखमेची पट्टी सोडली. वास दालनभर पसरला. अध्यक्षांचा रुमाल नाकाकडे गेला.

"नाक मुरडू नका," नाकमुरडे म्हणाला. "मीही सहा महिने तेच केलं. वरून चेहरे घासले, आणि तुम्ही ते छापलेत. किळस आपली यायला हवी, यांची नाही."

अध्यक्ष दोन मिनिटांत बाहेर पडले. मागून बाकीचे. शेठ मात्र अंगणातल्या बाकावर बसून राहिले, चेहरा पांढराफटक. बऱ्याच वेळाने त्यांनी मावशीला विचारलं, "यांना कसली गादी लागते?" मावशीने सांगितलं, हवेची, दाब बदलणारी. तशा आठ आल्या.

बाकी काम तितकं सहज झालं नाही. टायपिस्टने तोंडी सांगितलेला अर्ज कवायतीच्या बाईंनी लिहून घेतला, सलूनमध्ये सह्या जमल्या आणि आरोग्य कार्यालयात फेऱ्या सुरू झाल्या. या टेबलावरून त्या टेबलावर. एका साहेबाने अर्ज वाचताना वडा खाल्ला आणि तेलकट बोटं अर्जालाच पुसली. नाकमुरडे तरी त्याच टेबलापुढे उभा राहिला. पाचव्या फेरीला टॅक्सीवाल्याने गाडीभर कूसवाले नेले. पाच महिन्यांनी आणखी दोन आया मिळाल्या आणि बाहेरच्यांना हात लावायची परवानगी लेखी आली.

मामा ते बघायला राहिला नव्हता. जखम भरली नाही, ताप चढला आणि तो दुसऱ्या महिन्यातच गेला. शेवटची दाढी नाकमुरडेने केली, आणि त्या वेळी मानेखालचं सगळं अंगही त्यानेच धुतलं.

व्यवस्थापक अजून तिथंच आहे. नव्या पत्रकात त्याने कूसवाल्यांचा फोटो टाकलाय, खाली लिहिलंय, 'आमचा अभिनव उपक्रम'. नाकमुरडेने ते वाचलं आणि थुंकला. थुंकणाऱ्यांचा त्याला फार राग, तरी थुंकला.

पण मधल्या काळात गल्लीत एक झालं. मीटर वाचणाऱ्याची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. जिना उतरवायला कुणाला बोलवावं लागलं नाही. कूसवाल्यांतली चौघं आपणहून आली, एक-दोन-तीन म्हणाली आणि म्हातारीला खाली आणलं. यांतली दोघं आधी एकमेकांचं नावही जाणत नव्हती.

नाकमुरडेची किळस गेली नाही. परवा मामाच्या जागी नवा म्हातारा आला, अंग ओलं, लाजेने अर्धा झालेला. नाकमुरडे त्याच्यावर वाकला आणि त्याला उबळ आली. म्हाताऱ्याने ती बघितली.

"घाण वाटते ना माझी?" त्याने विचारलं.

"वाटते," नाकमुरडे म्हणाला. "माझ्या गळ्यात हात घाला. घट्ट."